नदीखालून मेट्रोचा बोगदा नेताना धोक्याचा अंदाज कसा बांधायचा?

प्रश्न असा आहे. मेट्रोचे दोन समांतर बोगदे टीबीएमने (बोगदा खोदणाऱ्या मशीनने) नदीखालून न्यायचे आहेत. रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची यादी, तयार झालंय, त्यात ऐंशी-नव्वद ओळी आहेत. प्रत्येक ओळीला शक्यतेचे एक ते पाच आणि परिणामाचे एक ते पाच गुण देऊन गुणाकार केलाय, आणि जवळपास सगळंच 'मध्यम' म्हणून पिवळ्या रंगात आलंय. यातून नेमकं काय समजायचं, आणि खरं मूल्यमापन सुरू कुठून करायचं?

आधी थोडक्यात सांगतो. ते रजिस्टर टाकून देऊ नका, क्लायंटला आणि विमा कंपनीला ते लागतंच. पण त्यात दोन रकाने वाढवा. एक, या घटनेत नदीचं पाणी कोणत्या वाटेने बोगद्यात येईल? दोन, पहिली खूण दिसल्यापासून गोष्ट हाताबाहेर जाईपर्यंत किती वेळ मिळेल? मग गुणाकार झाकून ठेवा आणि फक्त दुसऱ्या रकान्याप्रमाणे यादी पुन्हा लावा. जिथे उत्तर 'काही मिनिटं' येतं, त्या ओळी वर आणा. त्या फार नसतील, आणि पिवळ्या रंगात हरवलेल्या बऱ्याच ओळी त्यातच सापडतील.

गुणाकारात मूळची एक खोट आहे. शक्यता एक आणि परिणाम पाच म्हणजे पाच गुण. शक्यता पाच आणि परिणाम एक म्हणजेही पाच. बोगद्यात वाळूसकट नदी घुसणं आणि कुणाचा तरी पाय मुरगळणं हे दोन्ही एका रांगेत बसतं. जमिनीवरच्या कामात हे कसंबसं खपून जातं, नदीखाली नाही. जमिनीखालच्या बोगद्यात गळती लागली तर बहुतेकदा आसपासच्या भूजलाची पातळी उतरत जाते, दाब कमी होतो, येणारं पाणी मंदावतं. नदीशी वाट जुळली असेल तर कितीही पाणी आत आलं तरी नदी बोटभरही उतरत नाही. पहिल्या मिनिटाला जेवढा दाब, तेवढाच शेवटपर्यंत. शिवाय रस्ता खचला तर कुणीतरी ओरडतो. नदीच्या तळाला खड्डा पडला तर वर लाटा तशाच चालू. वरून ग्राउट (पोकळी भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं तर बार्ज आणावा लागतो. आणि बोगदा दोन्ही काठांकडून नदीच्या मध्याकडे उतरत जातो, म्हणजे सर्वांत खोल जागा बरोबर नदीखाली. पाणी तिथेच साठणार आणि माणसांना चढावरून बाहेर पडायचंय.

आकडा डोळ्यांसमोर असू द्या. पाण्याच्या पातळीखाली २० मीटरवर एक सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटर लांब फट पडली, तर तिच्यातून सेकंदाला साधारण २४० लिटर, म्हणजे तासाला सुमारे ८५० घनमीटर पाणी येऊ शकतं. आतला व्यास ५.८ मीटर असलेल्या बोगद्याची बत्तीस मीटर लांबी एका तासात छतापर्यंत भरेल. हे फक्त पाण्याचं झालं. खरा घात पाण्याबरोबर येणारी वाळू करते, कारण ती रिंगच्या (बोगद्याच्या काँक्रीटच्या गोल अस्तराच्या) बाहेरून निघून येते आणि मागे पोकळी सोडते. रिंगला बाहेरून मातीचा आधार सगळीकडून सारखा असेल तरच ती टिकते. एका बाजूची माती गेली की रिंग वाकते, सांधे उघडतात, आणि फट आणखी रुंद होते. म्हणून वेळेचा हिशोब सरळ रेषेत करू नका. पहिल्या तासात जे दिसतं त्यावरून दुसऱ्या तासाचा अंदाज बांधता येत नाही.

आता जमिनीकडे वळू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीचे बरेच धोके इथूनच जन्मतात.

आजची नदी नकाशावर दिसते. तिचं जुनं, गाळाने बुजलेलं पात्र दिसत नाही, आणि ते आजच्या काठापासून बरंच लांबही असू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये लोट्शबर्ग रेल्वे बोगदा काण्डर नदीच्या खोऱ्याखालून खोदत होते. बोगद्याच्या वर पुरेसा खडक आहे असं गृहीत धरलं होतं. २४ जुलै १९०८ रोजी सुरुंग उडाला आणि खडकाऐवजी पाण्याने भिजलेले वाळू-गोटे आत आले. २५ कामगार गेले. शेवटी तो भाग बंद करून बोगदाच वळवावा लागला. दुसरं उदाहरण लेनिनग्राडच्या मेट्रोचं. लेस्नाया आणि प्लोश्चाद मुझेस्त्वा या स्थानकांच्या मध्ये १९७४ साली खोदकाम अशाच एका पुरलेल्या नदीपात्रातल्या वाळूत शिरलं. द्रव नायट्रोजनने जमीन गोठवून बोगदे पूर्ण केले, गाड्या धावल्या, पण गळती आणि खचणं थांबलं नाही. १९९५ मध्ये तो भाग बंद करावा लागला आणि नवे बोगदे काढून २००४ मध्ये वाहतूक पुन्हा सुरू झाली. म्हणजे बांधकामाच्या वेळी चुकलेला भूगर्भाचा अंदाज वीस वर्षांनीही वसुली करतो.

म्हणून बोअरहोलचा (जमीन तपासायला घेतलेल्या खोल छिद्रांचा) आराखडा हाती आला की 'किती घेतले' हे नंतर विचारा. दोन बोअरहोलच्या मध्ये जमीन किती वाईट असू शकते, हे आधी विचारा. ज्या दोन बोअरच्या नोंदींमध्ये खडकाची पातळी तीन-चार मीटरने बदलते, तिथे मधला भाग सरळ रेषेने जोडणारा छेद कधीही मान्य करू नका. तिथे आणखी एक बोअर घ्या, किंवा भूकंपीय सर्वेक्षणाची रेषा टाका. आणि बोअर कधीही बोगद्याच्या थेट रेषेवर घेऊ नका, बाजूला सरकून घ्या. काम झाल्यावर तो सिमेंट-बेंटोनाइटने (बेंटोनाइट म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती) तळापासून वरपर्यंत भरला गेला याची नोंद मागा. न भरलेला बोअर म्हणजे नदीपासून बोगद्यापर्यंत आपणच पाडलेली नळी. मागच्या पिढीत पुलासाठी किंवा धक्क्यासाठी घेतलेले बोअर, सोडून दिलेल्या विहिरी, पाण्याखाली राहिलेल्या लाकडी किंवा लोखंडी पाइल (जमिनीत ठोकलेले खांब) यांची यादी बंदर आणि पाटबंधारे खात्याच्या जुन्या कागदांतून काढावी लागते. कंटाळवाणं काम आहे. कुणातरी एकाला महिनाभर फक्त तेवढंच करायला बसवा.

नदीचा तळ ही स्थिर गोष्ट नाही, हे डिझाइनच्या ड्रॉइंगवर कळत नाही. तिथे ती एक ठाम रेघ असते आणि त्या रेघेवर लोकांचा भलता विश्वास बसतो. इंजिनिअर मार्क ब्रुनेलने लंडनमध्ये थेम्सखालचा बोगदा १८२५ मध्ये सुरू केला. नदीतून खडी उपसल्यामुळे तळाला खड्डे पडलेले होते. मे १८२७ मध्ये पाणी आत आलं, तेव्हा डायव्हिंग बेलमधून खाली जाऊन तळ तपासला आणि चिकणमातीची पोती टाकून भोक बुजवलं. जानेवारी १८२८ मध्ये पुन्हा पाणी शिरलं, सहा माणसं बुडाली आणि काम सात वर्षं बंद राहिलं. तो बोगदा खुला व्हायला १८४३ साल उजाडलं. आज आपल्याकडे ध्वनिलहरींनी तळ मोजणारं मल्टीबीम सोनार आहे, पण उपसा करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. तळाचं सर्वेक्षण एकदा करून भागत नाही. पुराच्या आधी, पुरानंतर, आणि मशीन नदीखाली जाण्याच्या अगदी तोंडावर, असं किमान तीनदा हवं. वळणाच्या बाहेरच्या काठाला आणि पुलाच्या खांबांजवळ किती खरवड होऊ शकते, याचा हिशोब नदी-अभियांत्रिकीवाल्याकडून घ्या, बोगदेवाल्याकडून नको.

बोगद्यावरची माती कमी झाली की दोन गोष्टी बिघडतात. पहिली तरंगण्याची. बाहेरचा व्यास ६.५ मीटर असलेला बोगदा दर मीटरला सुमारे ३३२ किलोन्यूटन पाणी बाजूला सारतो. ३० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीट रिंगचं वजन दर मीटरला साधारण १४६ किलोन्यूटन. म्हणजे दर मीटरला १८६ किलोन्यूटन, जवळपास १९ टन, इतका जोर त्याला वर ढकलतोय. रिकामी कळशी पाण्यात दाबून धरावी तसं. दाबून धरायला वरची माती आहे. आठ मीटर माती असेल तर पाण्यात बुडालेल्या अवस्थेतही तिचं वजन ४७० किलोन्यूटनच्या आसपास भरतं, चिंता नाही. पण एका मोठ्या पुराने त्यातली पाच मीटर नेली, तर उरलेल्या तीन मीटरचं वजन भरतं सुमारे १७५. बाजूच्या मातीचा थोडा हातभार धरला तरी हिशोब काठावर येतो.

दुसरी गोष्ट फेस प्रेशरची, म्हणजे खोदकामाच्या तोंडावर मशीन जो दाब धरून ठेवतं त्याची, आणि चालू कामात रोज छळते ती हीच. वरचंच उदाहरण घेऊ: नदी १२ मीटर खोल, तळाखाली बोगद्याच्या माथ्यापर्यंत ८ मीटर माती. माथ्यावर पाण्याचा दाब २ बार. पाणी आणि माती मिळून एकूण भार साधारण २.७२ बार. फेसचा दाब २ बारच्या खाली गेला की पाणी आत; २.७२ च्या वर गेला की माती उचलली जाते आणि मशीनमधली स्लरी (पातळ चिखल) किंवा फोम नदीत फुटून बाहेर पडतो. खालून पाण्यासाठी आणि मातीसाठी थोडी जागा सोडली, वरून सुरक्षिततेची थोडी जागा सोडली, की ऑपरेटरच्या हातात उरतात तीन-चार दशांश बार. हाच माथा जमिनीखाली २० मीटरवर असता आणि भूजल पृष्ठभागापर्यंत असतं, तर वरची मर्यादा ३.८ बार असती. नदीत वरचे बारा मीटर पाण्याचे आहेत. ते दाब वाढवतात पण पकड देत नाहीत.

आता यात भरती-ओहोटी घाला. भरतीच्या वेळी ऑपरेटरने २.३ बार ठेवलाय, सगळं ठीक. सहा तासांनी पाणी तीन मीटरने उतरलं. पाण्याचा दाब झाला १.७, एकूण भार झाला २.४२. त्याने बटणाला हात लावला नाही, तरी आता तो वरच्या मर्यादेपासून फक्त ०.१२ बारवर उभा आहे, आणि ईपीबी मशीनमध्ये (जे खोदलेल्या मातीनेच दाब धरतं) दाब एवढा तर सहज वरखाली होतो. त्यामुळे फेस प्रेशरचा एकच आकडा देणारं ड्रॉइंग परत पाठवा. प्रत्येक दहा-वीस रिंगमागे आणि पाण्याच्या पातळीनुसार खालची-वरची मर्यादा देणारा तक्ता हवा, आणि नदीच्या पातळीचं चालू वाचन ऑपरेटरच्या केबिनमध्ये दिसायला हवं. जाड चिकणमाती असेल तर तिच्यातला पाण्याचा दाब नदीच्या मागून उशिरा बदलतो, त्यामुळे नुसती पातळीही पुरत नाही, पिझोमीटर लावावे लागतात.

नदीखाली कटर (मशीनच्या तोंडावरची खोदणारी पाती) बदलायला फेससमोर माणूस पाठवावा लागला तर हेच गणित आणखी आवळतं. हवेचा दाब वरपासून खालपर्यंत सारखा असतो, पाण्याचा नसतो. आपल्या उदाहरणात माथ्यावर पाणी २ बार आणि तळाशी २.६५. चेंबर (मशीनच्या तोंडामागचा कप्पा) पूर्ण रिकामा करून तळ कोरडा ठेवायचा तर हवा २.६५ बार हवी, आणि माथ्यावरची फुटण्याची मर्यादा २.७२! म्हणजे चेंबर पूर्ण रिकामा करणं इथे शक्यच नाही. अर्धा रिकामा करून वरच्या भागात काम करायचं. हवा फुटून बाहेर पडली की काय होतं ते न्यूयॉर्कने पाहिलंय. १८८० मध्ये हडसन नदीखालच्या बोगद्यात हवा निसटली आणि २० कामगार मेले. १९१६ मध्ये ईस्ट रिव्हरखाली मेट्रोचा बोगदा काढताना हवेच्या झोताबरोबर तिघे नदीच्या तळातून वर फेकले गेले. त्यांतला एक जण जिवंत हाती लागला. यावरचा उपाय रजिस्टरमध्ये 'दक्षता घ्यावी' असा लिहू नका. उपाय असा: नदीच्या अलीकडे, चांगल्या किंवा सुधारलेल्या जमिनीत थांबायची जागा आधीच ठरवा, तिथे सगळे कटर, माती बाहेर काढणारा स्क्रू, टेल ब्रश (मशीनच्या शेपटीचे ब्रश) तपासा आणि बदला, मग नदीखाली शिरा आणि पलीकडे पोहोचेपर्यंत थांबू नका. कोलकात्यात हुगळीखालचे सुमारे ५२० मीटर २०१७ मध्ये दोन्ही मशीननी अशाच न थांबता चालणाऱ्या कामातून पार केले.

यातूनच एक गोष्ट निघते, जी रजिस्टरमध्ये जवळपास कधीच नसते. इतर बहुतेक बांधकामांवर 'काम थांबवा' ही सुरक्षित स्थिती असते. नदीखाली ती नसते. मशीन थांबलं की फेसचा दाब हळूहळू उतरतो, ग्राउट नळीत घट्ट होतं, टेलच्या ग्रीसचा पंप बंद पडला तर पाणी वाट शोधतं. त्यामुळे नदीखालच्या प्रत्येक टप्प्यासाठी 'सुरक्षित स्थिती म्हणजे काय' हे आधी लिहून ठेवावं लागतं: थांबून बेंटोनाइट भरत राहायचं, की पुढची रिंग पूर्ण करून थांबायचं, की काहीही झालं तरी अमुक रिंगपर्यंत जायचंच.

पाणी शिरायच्या वाटांत फेसइतकीच घातक जागा म्हणजे शिल्डची शेपटी. मशीनच्या आत रिंग जोडली जाते आणि शेपटीतून बाहेर पडते. त्या फटीत तारांचे ब्रश आणि त्यांच्यामधलं ग्रीस एवढाच काय तो अडसर. चीनमधल्या फोशान शहरात मेट्रोच्या लाइन २ वर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी शेपटीचं सील निकामी झालं, पाणी आणि वाळू आत आली. गळती थांबवायची धडपड चालू असतानाच बोगदा बसला आणि वरचा रस्ताही खचला. ११ जण मेले, एक बेपत्ता राहिला. रजिस्टरमधल्या वेळेच्या रकान्यात अशा प्रसंगासमोर 'दुरुस्तीसाठी' किती वेळ आणि 'बाहेर पडण्यासाठी' किती वेळ, हे वेगवेगळं लिहायला हवं. लोक दुरुस्तीत गुंततात, कारण ते प्रामाणिक कामगार असतात आणि समोरची फट त्यांना बुजवण्यासारखी वाटते.

इथे एक साधी तपासणी सांगतो, तिला कुठलंही उपकरण लागत नाही. शेपटीतून किंवा सांध्यातून गळणारं पाणी पारदर्शक बरणीत धरा आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी नितळ राहिलं तर ग्रीस वाढवा, पॉलियुरेथेन टोचा, निरीक्षण चालू ठेवा. तळाशी सिमेंटची राखाडी साय बसली तर ग्राउट धुपतंय, तेही बघता येईल. पण तळाला वाळूचा थर बसला, आणि पुढच्या बरणीत तो थर जाड झाला, तर जमीन आत येऊ लागली आहे. बरणीवर तारीख, वेळ आणि रिंग नंबर लिहून त्या ओळीने फळीवर मांडून ठेवा. शिफ्ट बदलताना नव्या इंजिनिअरला अहवाल वाचायला वेळ नसतो, बरण्या बघायला असतो.

तसंच निघालेल्या मातीचं वजन. खोदाईचा व्यास ६.६५ मीटर आणि रिंगची लांबी १.४ मीटर असेल तर एका रिंगमागे जागेवरची माती सुमारे ४८.६ घनमीटर, वजनात साधारण ९२ टन. बेल्टवरच्या काट्याने सलग दोन रिंगना पाच टन जास्त दाखवले तर काटा बिघडलाय असं म्हणायची घाई होते. आधी जमीन बिघडली असं धरा, काटा नंतर तपासा.

आता क्रॉस पॅसेज, म्हणजे दोन बोगद्यांना जोडणारा छोटा आडवा मार्ग. माझ्या मते नदीखालच्या मेट्रोतलं सर्वांत धोक्याचं काम हेच. मुख्य बोगदा मशीनच्या कवचात होतो. इथे मात्र तयार रिंग कापून उघड्या जमिनीत हाताने शिरायचं असतं. शांघायमध्ये लाइन ४ वर १ जुलै २००३ रोजी हुआंगपू नदीजवळ असाच पॅसेज जमीन गोठवून खोदत होते. गोठलेल्या मातीचं कवच टिकलं नाही, पाणी-वाळू आत घुसली, दोन्ही बोगदे बसले, काठावरच्या इमारती कलल्या. माणसं वेळेत बाहेर काढली म्हणून कुणी दगावलं नाही. पण ती मार्गिका पूर्ण व्हायला २००७ साल संपत आलं. गोठवण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही. तिचा शत्रू वाहतं पाणी आहे, आणि नदीजवळ भूजल वाहतं असण्याची शक्यता जास्त. भूजलाचा वेग मोजलेला नसेल, तापमानाचे सेन्सर कवचाच्या बाहेरच्या कडेला नसतील आणि कूलिंगला दुसरा स्वतंत्र वीजपुरवठा नसेल, तर खोदायची परवानगी देऊ नका.

पण त्याआधीचा प्रश्न मोठा आहे: हा पॅसेज नदीखाली हवाच का? अमेरिकेचं एनएफपीए १३० हे मानक क्रॉस पॅसेजमधलं अंतर २४४ मीटरपर्यंत ठेवायला सांगतं. युरोपातल्या रेल्वे बोगद्यांच्या नियमांत ५०० मीटर आहे. म्हणजे प्रवाशांच्या सुटकेसाठीचा नियम बांधकामातला धोका वाढवतो. हा खरा पेच आहे आणि तो टेबलावर उघडपणे मांडायला हवा. काठांवरच्या शाफ्टच्या (जमिनीवरून बोगद्यात उतरणाऱ्या उभ्या विवरांच्या) जागा सरकवून, पॅसेज नदीच्या पट्ट्याबाहेर नेऊन, वायुवीजन आणि बाजूच्या पदपथाची रचना बदलून काही करता येतं का, हे मार्गरेषा ठरतानाच बघायचं. ठेकेदार नेमल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही, तेव्हा सगळे फक्त करार दाखवतात.

मशीन शाफ्टमधून बाहेर पडतं आणि पलीकडच्या शाफ्टमध्ये शिरतं, त्या दोन क्षणांबद्दल फार लिहीत नाही. भिंत फोडण्याआधी आडवे छोटे बोअर मारून पाणी येतं का बघणं आणि शाफ्टचं तोंड पुराच्या पातळीच्या वर ठेवणं, एवढं तरी ओळीत असू द्या. मात्र एक लक्षात घ्या: नदी पार झाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. कोलकात्यात हुगळी निर्विघ्न पार झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये, नदीपासून लांब बहूबाजारात मशीनला पाणीधारी थर लागून वरची घरं कोसळली. २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा गळती झाली. नदीसाठी नेमलेली जादा माणसं, जादा पंप आणि जादा मोजणी किती अंतरानंतर काढायची, हा निर्णयही रजिस्टरचाच भाग आहे.

फझी लॉजिक, एएचपी, बायेशियन नेटवर्क अशा धोका मोजायच्या गणिती पद्धतींबद्दल विचारलं जातंच, म्हणून माझं मत सांगून टाकतो. पहिल्या दोन पद्धती तज्ज्ञांच्या मतांना दशांशात मांडतात. मतं देणारे पाचही जण एकाच कंपनीतले आणि कुणी नदीखाली काम केलेलं नसेल, तर ०.६३७ हा आकडा कितीही देखणा असला तरी तो अंदाजच. बायेशियन नेटवर्कचा मात्र खरा उपयोग आहे, कारण नवी माहिती आली की शक्यता बदलते आणि कारणांची एकमेकांवरची भिस्त दिसते. ती भिस्त फॉल्ट ट्रीमध्येही (बिघाडाच्या कारणांचं झाडासारखं चित्र) काढता येते, आणि ती काढाच. रजिस्टरमध्ये 'ग्रीस पंप बंद', 'ग्राउट पंप बंद', 'उपसा पंप बंद', 'संपर्क तुटला' या चार स्वतंत्र ओळी असतात, चारही 'शक्यता दोन'. वीज गेली की चारही एकदम घडतात. पर्यायी जनरेटर त्याच शाफ्टच्या तळाशी ठेवला असेल तर पाण्याबरोबर तोही जातो.

पाणी अडवणाऱ्या अडथळ्यांची परीक्षाही अशीच कागदाबाहेर घ्यावी लागते. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीखालच्या रेल्वे बोगद्यात ऑक्टोबर १९९१ मध्ये मशीनच्या पुढून पाणी आलं. मशीनमध्ये पाणी अडवायचं दार होतं. पण देखभालीच्या केबल त्यातून गेलेल्या असल्याने ते बंद करता आलं नाही आणि दोन्ही बोगदे बुडाले. जीव कुणाचा गेला नाही. 'जलरोधक दार उपलब्ध' या ओळीपुढे बरोबरची खूण करण्याआधी खाली जा, घड्याळ लावा आणि चालू शिफ्टमध्ये ते दार बंद करायला सांगा. पाइप, केबल, रूळ, कन्व्हेयर बेल्ट, यांतलं काय आड येतं ते तिथेच कळेल. जेवढी मिनिटं लागली तो आकडा वेळेच्या रकान्याशी ताडून बघा. पाणी येण्याचा वेळ दार बंद करण्याच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर तुमच्याकडे दार नाही असं धरून पुढचं नियोजन करा.

आणि अधिकार. सगळ्यांना बाहेर काढायचा हुकूम रात्री तीन वाजता कोण देणार? प्रोजेक्ट मॅनेजरला फोन करून परवानगी घ्यायची पद्धत असेल तर वेळेच्या रकान्यातून वीस मिनिटं वजा करा. हा अधिकार शिफ्ट इंजिनिअरला आणि टीबीएम पायलटला, नावानिशी, लेखी द्यायला हवा, आणि खोटा ठरलेला इशारा दिल्याबद्दल त्यांना कुणी जाब विचारणार नाही हे क्लायंटने त्यात लिहायला हवं. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये विमा कंपन्या आणि बोगदे-तज्ज्ञांनी मिळून बोगद्यांच्या धोका-व्यवस्थापनाची संहिता काढली. ती न पाळणाऱ्या प्रकल्पाला विमा मिळणं अवघड होतं. तुमच्या विमा-करारात तिचा उल्लेख असेल तर या अधिकारपत्रासाठी तो चांगला आधार आहे. खर्चाचं कारण काढून कुणी अडवलं तर विमा कंपनीच्या तपासनिसाला बैठकीला बोलवा, चर्चा लवकर संपते.

शेवटची ओळ बांधकाम संपल्यानंतरची. शिकागो नदीखाली जुने मालवाहू बोगदे होते. सप्टेंबर १९९१ मध्ये पुलाजवळ नवे पाइल ठोकताना त्यातल्या एकाची भिंत दुखावली. जानेवारीत आत गेलेल्या केबल टीव्हीच्या कामगारांना चिखल झिरपताना दिसला. १३ एप्रिल १९९२ रोजी नदी आत आली आणि शहराच्या मध्यवस्तीतली तळघरं भरली. इथे मिनिटं नाही, महिने मिळाले होते. पण दुरुस्ती वेळेत झाली नाही. म्हणून हस्तांतराच्या कागदपत्रांत बोगद्याच्या दोन्ही बाजूंचा संरक्षित पट्टा, त्यात पाइल, बोअर, गाळउपसा आणि जहाजांचे नांगर यांवरची बंदी, दर पुरानंतर तळाचं सर्वेक्षण, आणि वरच्या मातीची जाडी कितीपर्यंत घटली की दगड भरायचे तो आकडा, एवढं असू द्या. सोबत नदीच्या खात्यात आणि मेट्रोत या विषयाची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे ते लिहा. व्यक्तीचं नाव नको, पद लिहा, माणसं बदलतात.